पैशाचा मामला: बालाघाटातल्या एका फाट्यावर माणसं का थांबली

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातला एक फाटा. नाव सांगत नाही आणि माणसांच्या ओळखीच्या खुणाही बदलल्या आहेत. का, ते पुढे कळेल. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. ऊसतोडीच्या टोळ्या घरांना कुलपं लावून निघायचे ते दिवस. पत्र्याचं चहाचं हॉटेल, पानटपरी, पंक्चरचं दुकान, एक कृषी सेवा केंद्र, एसटीचं मोडकं शेड आणि सीटं भरायची वाट बघत उभ्या असलेल्या दोन काळ्या-पिवळ्या जीपा. शेजारच्या गावचा बाजार असल्यानं तीस-पस्तीस माणसं सहज होती. सीताफळं संपत आली होती, तरी शेडच्या सावलीला सत्तरीची एक बाई पाटी मांडून बसली होती.

चारच्या सुमारास एक बोलेरो शेडसमोर येऊन थांबली. तिघे उतरले. शेडमध्ये पिशवी पायाशी घेऊन बसलेल्या तिशीतल्या एका माणसाची त्यांनी कॉलर धरली. पहिली चापट बसली तेव्हा अनेकांनी माना वळवल्या. तिघांतला वयानं मोठा, म्हणजे ऊसतोडीची टोळी भरणारा मुकादम, ओरडला, "पैसे खाताना गोड लागले, अन् आता तोंड लपवायलास व्हय?" तो माणूस म्हणत होता, "हप्त्यानं येतो म्हणलो होतो की मालक, लेकरू आजारी हाय." त्यानं शेडच्या लोखंडी खांबाला मिठी मारली. मग बोटं सोडवणं, कमरेत लाथ, पुन्हा ओढाओढ. हे सगळं दहा-पंधरा मिनिटं चाललं, कारण तो खांब सोडत नव्हता. मधेच तिघांतला एकजण हॉटेलात गेला, तांब्यानं पाणी प्याला, दोन चहा सांगितले आणि परत आला. या चहाकडे पुन्हा यावं लागेल.

दोघांनी मोबाईलवर शूटिंग केलं. कुणीतरी "जाऊ द्या हो, बसून बोला" असं लांबून म्हटलं. एका जीपवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला. शेवटी त्याला गाडीत कोंबत असताना सीताफळवाली बाई उठून पुढे आली आणि तिनं त्यालाच विचारलं, "लेकरा, कुण्या गावचा रं तू? कुणाचा?" त्यानं आतून गावाचं आणि बापाचं नाव ओरडून सांगितलं. दार लागलं. गाडी अहिल्यानगरच्या दिशेनं गेली.

गाडी दिसेनाशी झाल्यावर फाट्यावर एकदम बोलणं सुटलं. आणि फोनही. पहिल्या वीस मिनिटांत तिथून निदान तीन फोन गेले: एक एका माजी सरपंचाला, एक कुणाच्या तरी चुलतभावाला, एक थेट त्या मुकादमाच्या ओळखीच्या माणसाला, "जरा सांगा त्याला, जास्त मारू नका म्हणावं". पोलिसांना एकही नाही. ११२ हा नंबर लावला तो पंक्चरच्या दुकानातल्या पोरानं, तोही मालक बाजाराला गेल्यावर.

तो माणूस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका वाहतूकदाराच्या शेडात सापडला. पोलिसांकडे दोनच धागे होते, म्हातारीनं विचारून घेतलेलं गाव आणि पंक्चरवाल्या पोराच्या मोबाईलमधला गाडीचा नंबर. एका कानानं त्याला अजूनही नीट ऐकू येत नाही.

या घटनेनंतर मी तिथल्या ज्यांच्या-ज्यांच्याशी बोलू शकलो त्यांना एकच विचारत होतो: तुम्हाला त्या वेळी काय चाललंय असं वाटलं? "तुम्ही का नाही मधे पडलात" असं विचारलं की माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो आणि सोयीचं उत्तर देतो. "काय वाटलं" म्हटलं की खरं निघतं.

जवळजवळ सगळ्यांचं उत्तर एक होतं. पैशाचा मामला.

म्हणजे भांडण होतं हे सगळ्यांना दिसलं, मारहाण दिसली, पण गुन्हा दिसला नाही. माणसानं उचल, म्हणजे कामाआधीचे आगाऊ पैसे, घेतली, ठरलेल्या दिवशी आला नाही, मुकादम न्यायला आला. या भागात हे वाक्य इतकं पूर्ण आहे की त्यात कुणाला काही खटकत नाही. अमेरिकेत लान्स शॉटलंड आणि मार्गरेट स्ट्रॉ यांनी १९७६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. एक पुरुष एका बाईवर हल्ला करतोय असं नाटक लोकांसमोर घडवलं. बाई "मी तुम्हाला ओळखत नाही" असं ओरडली तेव्हा बघणाऱ्यांपैकी ६५ टक्के मधे पडले. तीच बाई "तुझ्याशी लग्न का केलं मी" असं ओरडली तेव्हा फक्त १९ टक्के. मार तोच, पण नातं कळलं की हात मागे गेले. आपल्याकडेही नवरा-बायकोचं भांडण म्हटलं की सगळी गल्ली दारं लोटून घेते, ते सांगायला प्रयोग नको. या फाट्यावर लग्नाची जागा उचलीनं घेतली होती. "पैसे खाताना गोड लागले" हे वाक्य त्या मुकादमानं मुद्दाम लोकांना ऐकवायला उच्चारलं की रागाच्या भरात, माहीत नाही. पण त्याचं काम झालं. पहिल्याच मिनिटाला सगळ्या बघ्यांना कळलं की या दोघांचं आपसात काही देणं-घेणं आहे, म्हणजे आपलं नाही.

त्यावर तो चहा. हॉटेलवाल्याला मी विचारलं तर तो म्हणाला, "त्यानं येऊन चहा सांगितला, म्हणलं नेहमीचंच असंल. गिऱ्हाईकंबी निवांत बसली होती." त्या गिऱ्हाइकांपैकी एक, जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी, म्हणाले, "हॉटेलवाला शांतपणे चहा गाळत होता. त्याला इथलं सगळं माहीत. काही गंभीर असतं तर तो उठला असता." हॉटेलवाला गिऱ्हाइकांकडे बघत होता, गिऱ्हाइकं हॉटेलवाल्याकडे. दोघांनी एकमेकांची शांतता पुरावा म्हणून धरली.

बिब लाताने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये हेच एका खोलीत करून पाहिलं होतं. फॉर्म भरत बसलेल्या माणसाच्या खोलीत भिंतीतून धूर सोडला. एकटा माणूस असला तर चारातले तीन जण उठून सांगायला गेले. सोबत दोन माणसं ठरवून निर्विकार बसवली तेव्हा दहातला एक. बाकीचे डोळे चोळत, खोकत फॉर्म भरत राहिले. त्यांना धूर दिसत नव्हता असं नाही. शेजारचा स्वस्थ आहे म्हणजे ही आग नसणार, एवढाच त्यांचा हिशेब. याच दोघांचा दुसरा प्रयोग जास्त उद्धृत होतो: हेडफोनवर बोलताना पलीकडच्या माणसाला झटका आल्याचं ऐकू येतं. ऐकणारा आपण एकटेच आहोत असं समजत असेल तर ८५ टक्के वेळा मदत मागायला जातो; आपल्याशिवाय आणखी चौघं ऐकतायत असं समजत असेल तर ३१ टक्के. माणसं जितकी जास्त तितकी प्रत्येकाच्या वाट्याला येणारी जबाबदारी कमी, असा त्याचा अर्थ लावला गेला.

या प्रयोगांमागे न्यूयॉर्कमधली १३ मार्च १९६४ ची घटना होती, हे बऱ्याच वाचकांना माहीत असेल. किटी जिनोव्हीज या तरुणीचा तिच्या घराजवळ पहाटे खून झाला आणि ३८ शेजाऱ्यांनी नुसतं बघितलं अशी बातमी आली. ती बातमी बरीचशी चुकीची होती. बहुतेकांना खून दिसलाच नव्हता. एकानं खिडकीतून हल्लेखोराला ओरडून पळवलंही होतं. एक शेजारीण खाली धावत गेली आणि किटीला तिनं मांडीवर धरलं होतं. शिवाय अमेरिकेत ९११ हा एकच नंबर १९६८ मध्ये आला, त्याआधी पोलिसांना फोन लावणं हेच खटाटोपाचं होतं. तरी "३८ जण" ही गोष्ट जगभर पाठ्यपुस्तकांत गेली. आपल्याकडे एखादा हल्ल्याचा व्हिडिओ फिरला की "माणुसकी मेली" असे मथळे येतात, ते याच घराण्यातले. मला त्या मथळ्यांचा कंटाळा आहे, कारण माणुसकी मेली म्हटलं की पुढे विचारायला काही उरत नाही.

आता माझा मुद्दा. हे सगळे प्रयोग अनोळखी माणसांवर झाले. कुणी कुणाला ओळखत नाही, म्हणून "दुसरा कुणीतरी करेल". बालाघाटातल्या त्या फाट्यावर मात्र उलट होतं. तिथे जवळजवळ प्रत्येकजण प्रत्येकाला ओळखत होता, निदान कुणाच्या तरी मार्फत. तिथली भीती "मी कशाला, दुसरा करेल" अशी नव्हती. "मी केलं तर ते मीच केलं हे संध्याकाळपर्यंत चार गावांना कळेल" अशी होती. तीस जणांत जबाबदारी वाटली जाते हे खरं, पण परिणाम वाटला जात नाही. तो एकाच घरावर येतो. शहरातल्या माणसाला गर्दीत लपता येतं म्हणून तो गप्प राहतो, फाट्यावरच्या माणसाला लपता येत नाही म्हणून.

कोण कुणाशी बांधलेलं होतं ते जरा बघा. मुकादमाची सगळी टोळी ट्रकांवर चढायच्या दिवशी याच हॉटेलात नाश्ता करते आणि बिल हंगामानंतर मिळतं. या वर्षीची उधारी अजून यायची होती. कृषी सेवा केंद्राचा मालक मुकादमालाही खत उधार देतो आणि मार खाणाऱ्याच्या गावालाही. त्याच्या दुकानाबाहेर कॅमेरा आहे, शेडकडे तोंड केलेला. हॉर्न वाजवणारा जीपवाला टोळीतली माणसं वाड्या-वस्त्यांवरून गोळा करून आणतो, त्या एका आठवड्यात त्याची महिन्याची कमाई होते. गुरुजी त्याच तालुक्यात नोकरीला. पानटपरीवर उभा असलेला, तिथला सगळ्यात धडधाकट दिसणारा एक पोरगा पोलीस भरतीची तयारी करत होता. रोज पहाटे पळायला जाणारा, छाती फुगवून चालणारा. त्याचं कारण मला सगळ्यात जास्त लागलं. तो म्हणाला, "सर, मधी पडलो अन् उलटी केस झाली तर चारित्र्य पडताळणीत अडकतो. चार वर्षं घातलीत मी." गंमत नाही ही. उद्या ज्यानं असल्या मारहाणी थांबवायच्या त्याला त्या नोकरीत जाण्यासाठी आज ती न थांबवणं शहाणपणाचं वाटतं.

आणि जात. याबद्दल कुणी उघड बोललं नाही, पण दोघांनी सारखंच वाक्य वापरलं: "उद्या त्याला वेगळाच रंग चढतो." मराठवाड्यात आज दोन माणसांच्या भांडणाची बातमी आली की लोक आधी आडनावं बघतात. मग मधे पडणारा माणूस नुसता मधे पडणारा राहत नाही, तो कुठल्यातरी बाजूचा ठरतो. हे मधे पडण्याआधी प्रत्येकजण मनात मोजून घेतो, आणि ते मोजून होईपर्यंत गाडीचं दार लागलेलं असतं.

मुकादमाची बाजूही सांगायला हवी, नाहीतर लोकांना तो न्याय्य का वाटला हे कळणार नाही. कारखान्याकडून किंवा बँकेकडून वाहतूकदार पैसे उचलतो, तो मुकादमाला देतो, मुकादम कोयत्यांना. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; एका कोयत्याची उचल पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढेही जाते. मुकादम वाहतूकदाराला स्टॅम्पपेपर आणि कोरे चेक देऊन बसलेला असतो. टोळीतले चार कोयते फिरले तर पैसे त्याच्या अंगावर पडतात. एकाच जोडप्यानं दोन मुकादमांकडून उचल घेतल्याचे प्रकार होतात, मुकादमांनी वाहतूकदारांना बुडवल्याच्या तक्रारी तर या जिल्ह्यांतल्या ठाण्यांत दरवर्षी होतात. म्हणून फाट्यावरच्या माणसांना मुकादम गुंड वाटला नाही, अडकलेला माणूस वाटला. एकानं तर सरळ म्हटलं, "त्यालाबी वर कुणी धरलंच असंल की."

त्यामागे आणखी जुनं काहीतरी आहे. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत सालगडी ठेवायची रीत इथे परवापरवापर्यंत घरोघर होती. साल आधी ठरायचं, पैसे थोडे आधी मिळायचे आणि मधेच गडी पळाला तर त्याला शोधून आणणं हा मालकाचा हक्क समजला जायचा. पैसे घेतले म्हणजे नुसतं देणं लागत नाही, देह अडकतो, ही समजूत उचलीनं जशीच्या तशी उचलली. कायदा याच्या नेमका उलट आहे. वेठबिगारी संपवणारा १९७६ चा कायदा सांगतो की आगाऊ पैसे देऊन माणसाचं जाण्या-येण्याचं, दुसरीकडे काम करण्याचं स्वातंत्र्य काढून घेतलं तर ती वेठबिगारी. मग ते देणंच रद्द होतं, त्याच्या वसुलीसाठी दिवाणी कोर्टातही जाता येत नाही. जबरदस्तीनं माणूस गाडीत घालून नेणं हे भारतीय न्याय संहितेत अपनयन आहे आणि डांबून ठेवणं वेगळा गुन्हा. फाट्यावर उभ्या तीस-पस्तीस माणसांपैकी एकालाही हे ठाऊक नव्हतं. मार खाणाऱ्यालाही नाही. तो दुसऱ्या दिवशी सापडला तेव्हा पोलिसांना त्याचं पहिलं वाक्य होतं, "साहेब, मी पैसे देणारच हाय." आपल्यावर गुन्हा झालाय हे त्यालाच वाटत नव्हतं, तर बघणाऱ्यांना कसं वाटावं?

आता एक आकडा, जो या प्रकरणाला वरवर खोटं पाडतो. ॲम्स्टरडॅम, केप टाउन आणि इंग्लंडमधलं लँकेस्टर या तीन शहरांतल्या रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण संशोधकांनी तपासलं. दर दहांपैकी नऊ भांडणांत बघ्यांपैकी कुणीतरी एकानं तरी हस्तक्षेप केला होता, आणि माणसं जास्त असली की तशी शक्यता वाढत होती. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा "बघे बघत राहतात हे खोटं" असं सगळीकडे छापून आलं. मला तो अभ्यास पटतो. पण त्यात हस्तक्षेप कशाला धरलं ते बघावं: हातानं शांत व्हायची खूण करणं, मधे उभं राहणं, ओढून बाजूला नेणं, मार खाल्लेल्याला धीर देणं. या मापानं आमचा फाटासुद्धा नव्वद टक्क्यांत जाईल. "बसून बोला" म्हणणारा होता, म्हातारी होती. कुणीतरी काहीतरी केलंच. गाडी तरीही गेली. कुणी एकानं काहीतरी करणं आणि ते पुरेसं होणं यातलं अंतर त्या आकड्यात मावत नाही, आणि फाट्यावर तेच अंतर एका माणसाच्या कानाइतकं निघालं.

त्या म्हातारीनं केलं ते मात्र बारकाईनं बघण्यासारखं आहे. तिनं मुकादमाला काही विचारलं नाही. त्याच्याशी वाद घातला असता तर उत्तर तयार होतं: पैसे. तिनं मार खाणाऱ्याला विचारलं, आणि तेही "काय झालं" असं नाही, "कुणाचा तू" असं. मुकादमाच्या शब्दांत तो तोपर्यंत पैसे खाऊन पळालेला होता. आता तो अमक्या गावचा, अमक्याचा पोरगा झाला. गर्दीतल्या एका बाईचं माहेर त्याच गावचं निघालं. ती तिथल्या तिथे रडायला लागली. आणखी दोन मिनिटं आधी हा प्रश्न आला असता तर काय झालं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. म्हातारीला मी विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटली? ती म्हणाली, "माझं काय नेणार हाय ते? सीताफळं?"

ती विनोद करत होती, पण खरं बोलत होती. तिची कुणाकडे उधारी नव्हती, पोरं पुण्याकडे, टोळीशी संबंध नाही. या फाट्यावर सगळ्यात मोकळी तीच. पंक्चरवाल्या पोराचंही तसंच. तो परजिल्ह्यातला, मालकाच्या भीतीशिवाय त्याला दुसरी भीती नव्हती, म्हणून मालक गेल्यावर त्यानं फोन लावला. धाडस त्यांच्यात जास्त होतं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या पायात दोर कमी होते.

इथवर पहिला संकोच झाला. दुसरा जबाबाच्या वेळी आला, आणि तो जास्त पक्का होता.

पोलीस फाट्यावर आले तेव्हा हॉटेलवाल्याला काही दिसलं नव्हतं. कृषी सेवा केंद्राचा कॅमेरा "बंद होता". शूटिंग करणाऱ्या दोघांपैकी एकानं तोवर व्हिडिओ काढून टाकला होता. आधी त्यानं तो स्टेटसला ठेवला होता, मग गावातून फोन आला. पंक्चरवाल्या पोराला मोबाईल जमा करून घेतील ही धास्ती होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती: डिजिटल पुरावा कोर्टात टिकवायला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, मूळ उपकरण तपासायचं म्हणून ठेवून घेतलं जातं आणि कधी परत मिळेल ते कुणी सांगत नाही. हप्त्यावर घेतलेला मोबाईल. तरी त्यानं दिला.

लोक ज्याला घाबरतात त्यातलं अर्धं खरं आहे, अर्धं ऐकीव. "मदत केली की आपल्यालाच अडकवतात" हे वाक्य सगळ्यांनी म्हटलं. अपघाताच्या बाबतीत हे बदललंय. सेव्हलाइफ फाउंडेशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ३० मार्च २०१६ रोजी जीवनदूतांना, म्हणजे अपघातात मदत करणाऱ्यांना, संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. पण ते रस्त्यावरच्या अपघातापुरतं. गुन्हा बघणाऱ्याला तसं कवच नाही. त्याला दुसऱ्याच्या शरीराच्या बचावासाठी बळ वापरायचा हक्क मात्र आहे, तो इंग्रजांच्या काळच्या दंड संहितेपासून आहे आणि नव्या न्याय संहितेतही. गरजेपुरतंच बळ, ही अट. साक्षीदाराच्या संरक्षणासाठी २०१८ ची योजना सर्वोच्च न्यायालयानं महेंद्र चावला खटल्यात देशभर लागू केली. फाट्यावर कुणी तिचं नाव ऐकलेलं नव्हतं. आणि बायकांना तसंच साठीपुढच्या पुरुषांना जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी त्यांच्या घरी जायचं, हेही कायद्यातच आहे. म्हातारीला पहिल्यांदा ठाण्यातच बोलावलं होतं. तालुक्याच्या एका वकिलानं हे कलम दाखवलं तेव्हा शिपाई घरी आला.

तिनं जबाब दिला. पोरानं दिला. रडणाऱ्या बाईनं देते म्हटलं, मग तिच्या नवऱ्यानं नको म्हटलं. गुन्हा किरकोळ मारहाण आणि अडवणुकीचा लागला. अपनयनाचं कलम लागलं नाही, कारण फिर्यादी स्वतःच म्हणत होता की मुकादम आपलाच आहे, रागात घेऊन गेला. लागलेली कलमं तडजोडीची होती आणि संक्रांतीच्या सुमाराला तडजोड झालीही. उचलीतली निम्मी रक्कम माफ. जोडपं त्याच मुकादमाबरोबर त्याच हंगामात उसाला गेलं. लेकरू आजीकडे ठेवून.

तडजोडीची बातमी फाट्यावर पोचली तेव्हा हॉटेलवाल्याला बरं वाटलं. "बघा, म्हणलो होतो ना, आपसातलं होतं." त्याचा हा निष्कर्ष मला मान्य नाही, पण तो पक्का का होतो ते कळतं. मधे पडलेले दोघं मूर्ख ठरले. पंक्चरच्या मालकानं पोराला महिनाभरानं काढून टाकलं, कारण वेगळं सांगितलं. पुढच्या वेळी तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या हिशेबात ही गोष्ट धरली जाईल. माणसं मागच्या वेळी काय झालं ते बघून ठरवतात, आणि मागच्या वेळी जे झालं ते सगळ्यांना पाठ असतं.

शाळा-कॉलेजांत अशा विषयावर बोलताना मला विचारतात की मग करायचं काय. मारामारीत उडी घ्या असं मी सांगत नाही. तिघं होते, एकाकडे कोयता असता तर? पण त्या दहा-पंधरा मिनिटांत करण्यासारखं बरंच होतं आणि त्याला छाती लागत नव्हती. चहा न देणं. "तुम्ही, पांढरा सदरा, इकडं या" असं एका माणसाकडे बोट करून बोलावणं, कारण सगळ्यांना उद्देशून केलेली हाक कुणालाच लागत नाही. तीन फोन गेले त्यातला एक ११२ ला. आणि सगळ्यात सोपं, गाडी निघू न देणं. हे शेवटचं मला सुचलेलं नाही, हॉर्न वाजवणाऱ्या जीपवाल्यानं सांगितलेलं आहे.

तो म्हणाला, "माझी जीप बोलेरोच्या म्होरं सहा-सात फुटांवर उभी होती. नुसती मागं घेतली असती तर तिला निघायला जागाच नव्हती. कुणाला काय बोलायची गरज नाही, गाडी बंद पडली म्हणलो असतो." हॉर्न वाजवला तेव्हा हेच डोक्यात होतं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, नाही, हॉर्न सवयीनं वाजवला; हे रात्री जेवताना सुचलं. पुढच्या वेळी करशील? त्यानं थोडा विचार केला. "करीन. पण बोलेरोत माझ्याच गावचा मुकादम असला तर काय करीन, ते आत्ता सांगत नाही."